सील ‘आहे’, पण नंबर कुठाय? सोलापूरच्या टॉवेल-चादर कारखानदारांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरातले टॉवेल-चादर कारखानदार, निर्यातदार आणि ट्रान्सपोर्टचे मालक

विषय : कंटेनर-ट्रेलरच्या दाराला लावायच्या नंबरी सीलची खरेदी, आणि खरेदीनंतर आपण त्याचं जे करतो ते

स. न. वि. वि.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी एकवीस वर्षं डिस्पॅच सांभाळलं. दोन कारखाने आणि मधली तीन वर्षं एक ट्रान्सपोर्ट ऑफिस. आता घरी आहे. तुमच्यापैकी बरेच जण मला तोंडाने ओळखतात. काहींनी माझ्यावर आवाजही चढवलाय, त्याबद्दल राग नाही. पण गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मालकांनी फोन करून विचारलं, “अण्णा, सीलचं एक कोटेशन आलंय, आत्ता घेतो त्याच्या निम्म्या भावात. घेऊ का?” फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी माझीच चूक सांगतो, म्हणजे पुढचं ऐकायला तुम्हाला बरं वाटेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी टॉवेलचे कार्टन भरून ३२ फुटी बंद बॉडीची गाडी आम्ही लुधियानाला लावली. सहाव्या दिवशी पार्टीचा फोन आला, ३४ कार्टन कमी. ड्रायव्हर म्हणाला, सील शाबूत होतं. पार्टीचा गोदामवालाही तेच म्हणाला, सील शाबूत होतं, त्यानेच कापलं. आमचा लोडिंगवाला पोरांची शपथ घेऊन म्हणाला, कार्टन मोजून भरले होते. तिघंही खरं बोलत असावेत असं तिघांच्या तोंडाकडे बघून वाटत होतं. मग विम्याचा सर्व्हेअर आला. त्याने एकच प्रश्न विचारला, “इथून निघताना सीलचा नंबर काय होता?” मी फाइलमधून एल.आर.ची, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीची, कॉपी काढली. तिच्यावर ‘सील’ असा छापील रकाना होता. त्यात माझ्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं : ‘आहे’.

क्लेम लटकला तो लटकलाच. तिकडच्या गोदामात कापून टाकलेलं सील आम्ही लावलेलंच होतं की वाटेत कुणी दुसरं लावलं, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. सील चांगलं होतं, महागाचं होतं, कापायला कटर लागला होता. आणि त्याचा उपयोग शून्य झाला, कारण ते कोणतं सील होतं हेच मी लिहून ठेवलं नव्हतं.

माझे वडील सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल होते. तेव्हा वॅगनच्या दाराला तार ओवून शिशाची गोळी दाबलेली असायची, त्यावर शिक्का. ती शिशाची गोळी लहान पोरगंही दाताने चेपू शकेल. वडील म्हणायचे, “शिक्का म्हणजे पंच. पंच चोराला धरत नाही, पंच सही करतो.” पोलीस पंचनामा करतात तेव्हा दोन पंच उभे करतात ते कुणाला मारायला नव्हे, पुढे कोर्टात सांगायला. पण पंचाचं नावच पंचनाम्यात नसेल तर? माझ्या एल.आर.वर ‘आहे’ लिहिलं होतं, म्हणजे पंच होता एवढं कळत होतं. कोण होता, ते नाही.

निम्म्या भावाच्या कोटेशनचं उत्तर इथून सुरू होतं. भाव हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा की हा पंच कुणापुढे साक्ष देणार आहे? न्हावा शेवा बंदराच्या गेटवर, अमेरिकेतल्या बंदरात, की नाशिकच्या एखाद्या होलसेलरच्या वॉचमनपुढे?

निर्यातीच्या कंटेनरचं सोपं आहे, कारण तिथे आपल्याला निवड फारशी नाही. सीलच्या ताकदीसाठी आयएसओ १७७१२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात तीन वर्ग आहेत. सगळ्यात खालचा ‘आय’, म्हणजे फक्त दाखवणारा, मधला ‘एस’, वरचा ‘एच’, म्हणजे हाय सिक्युरिटी. फरक ओढून, कापून, वाकवून आणि ठोकून तपासतात. नुसतं ओढायचं बघितलं तर ‘एच’ वर्गाचं सील किमान १० किलोन्यूटनला टिकलं पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण एक टन वजन त्याला लटकवलं तरी सुटता कामा नये. ‘एस’ला हाच आकडा २.२७ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोच्या दरम्यान. त्याखालचं सगळं ‘आय’. समुद्रमार्गे अमेरिकेत उतरणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरला या मानकाचं सील लागतं, हा तिकडचा कायदा १५ ऑक्टोबर २००८ पासून आहे. आपले टॉवेल तिकडे जात असतील तर इथे घासाघीस करायला जागाच नाही.

पण बघायचं ते इथे बघा. खऱ्या ‘एच’ सीलवर ‘एच’ हे अक्षर, बनवणाऱ्याची खूण आणि नंबर, तिन्ही सीलवरच असतात, खोक्यावर नव्हे. बोल्ट सीलचा, म्हणजे जाड पिनवर टोपी दाबून बसवतात त्या सीलचा, सगळ्यात रुंद भाग किमान १८ मिलिमीटर हवा, म्हणजे डोकं कडीच्या भोकातून आरपार जाणार नाही. विकणाऱ्याकडे टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचं मॉडेल आणि हातातलं मॉडेल एकच आहे का बघा. मी असं सर्टिफिकेट पाहिलंय ज्यावर एका मॉडेलचा फोटो होता आणि खोक्यात दुसरंच होतं. विकणारा म्हणाला, “साहेब, सेमच आहे.” सेम नसतं. मानकात आणखी एक भाग असतो जो कुणी विचारत नाही : बनवणाऱ्याने आपल्या कारखान्यात नंबर कसे सांभाळायचे, एकच नंबर दोनदा छापला जाऊ नये म्हणून काय करायचं. निम्म्या भावात बहुधा हाच भाग गळालेला असतो. लोखंड तेवढंच, पण नंबर कुणालाही कुठलाही छापून मिळतो. असं सील विकत घेणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून ठेवणं.

लेझरने कोरलेला नंबर आणि शाईने छापलेला नंबर यातला फरकही बघा. शाई थिनरने पुसते. मी आमच्या रंगखात्यातला बोळा घेऊन पुसून बघितली होती. दोन मिनिटांत कोरं.

२०१७ पर्यंत फॅक्टरीत कंटेनर भरला की एक्साइजचे साहेब यायचे. त्यांच्यासमोर सील लागायचं, सही-शिक्का व्हायचा. त्यांच्या येण्याची वाट बघत गाडी उभी राहायची आणि आम्ही चहावर चहा पाजत राहायचो. त्या वर्षी जीएसटीबरोबर सेल्फ-सीलिंग आलं आणि आर.एफ.आय.डी., म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारं, ई-सील आलं. ते दिसायला बोल्टसारखंच, एकदाच वापरायचं, ‘एच’ वर्गाचंच, पण पोटात चिप. सीलचा नंबर, आयईसी म्हणजे आयात-निर्यातदाराचा कोड, शिपिंग बिलाचा नंबर आणि तारीख, सील लावल्याची तारीख आणि वेळ, कंटेनर नंबर, गाडीचा नंबर आणि माल कुठल्या बंदरातून जाणार ते, एवढं ऑनलाइन भरायचं. बंदरात रीडरने वाचतात. सील छेडलेलं निघालं की माल उघडून तपासणी ठरलेली.

बऱ्याच मालकांना वाटलं, कटकट गेली. मला वाटलं, साहेबांची खुर्ची आता आपल्या वॉचमनला मिळाली. पूर्वी सरकारचा माणूस पंच होता. आता पंच आपणच. ती वेळ आणि तो गाडी नंबर खरा भरायची जबाबदारी आपली. आणि मी स्वतः पाहिलंय, सील दुपारी चारला लावलं, माहिती रात्री अकराला घरून मोबाइलवर भरली, अंदाजाने. आर.एफ.आय.डी. चिप कितीही हुशार असली तरी तिला तुमचा अंदाज आणि खरं यातला फरक कळत नाही.

आता दाराकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच.

आपण सील बघतो. चोर दार बघतो. कंटेनरचं डावं दार आधी लागतं, उजवं त्याच्यावर येतं, म्हणून सील उजव्या दाराच्या कडीला. पण ती कडी दाराला रिव्हेटने किंवा बोल्टने बसवलेली असते. रिव्हेट काढला की कडी सीलसकट बाजूला होते. दार उघडतं, माल निघतो, रिव्हेट परत बसतो, वरून रंगाचा हात. सील तुम्ही लावलेलंच, नंबर तुमचाच, एक टनाला टिकणारं. बिजागरीच्या खिळ्यांचंही तेच. म्हणून एम्प्टी कंटेनर यार्डातून आला की भरायच्या आधी दाराचे रिव्हेट, बिजागऱ्या आणि उभे रॉड बघायचे. कुठे ताजा रंग, कुठे वेगळ्या डोक्याचा रिव्हेट, कुठे बोल्टची चमकणारी नवी चकती. वडिलांचा क्रम उलटा होता : आधी बिजागरी, मग कडी, शेवटी शिक्का. आतून पुढची भिंत, दोन्ही बाजू, जमीन, छत, आणि खालून चासी. टॉर्च घेऊन पाच मिनिटांचं काम. सिद्धेश्वरच्या यात्रेच्या दिवसांत, निम्मी माणसं गड्ड्यावर असताना, हे पाच मिनिटांचं काम सगळ्यात आधी राहून जातं.

मौल्यवान माल असेल तर कडीतल्या बोल्टवर विसंबू नका. मधले दोन रॉड एकत्र आवळणारं केबल सील लावा. स्टीलची केबल अशी असते की कापली की टोक झाडूसारखं विस्कटतं, परत जोडता येत नाही. कडी काढली तरी केबल दार धरून ठेवते. काही नव्या कंटेनरना रॉडवरच सीलसाठी वेगळी जागा असते. ती दिसली तर तीच वापरा. जुन्या कडीची सवय झालीय म्हणून तिच्यातच बोल्ट खुपसणारे लोडर मी पाहिलेत आणि त्यांना दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

ताडपत्रीच्या गाड्यांना तर आपण सील लावतो ते निव्वळ समाधानासाठी. मागच्या फाळक्याला प्लॅस्टिकची पट्टी, बाकी तीन बाजू मोकळ्या. युरोपात टीआयआर या सीमापार मालवाहतुकीच्या करारातल्या पद्धतीत आतून स्टीलची तार असलेली एकच दोरी ताडपत्रीच्या सगळ्या कड्यांतून ओवतात आणि तिची दोन्ही टोकं एका सीलने बांधतात. आपला देशही २०१७ मध्ये त्या करारात सामील झाला. आपल्याला करार नको, दोरी हवी. एमआयडीसीतल्या कुठल्याही दुकानात स्टीलची तार मिळते.

देशातल्या देशात जाणाऱ्या मालाची निवड मात्र खरोखर डोकं लावायची आहे. इथे कुणी सक्ती करत नाही, म्हणून आपण दोन टोकं गाठतो : एकतर सगळ्यात स्वस्त पट्टी, नाहीतर भीतीपोटी सगळ्यात जाड बोल्ट.

जाड बोल्टची गोष्ट सांगतो. चादरींचा ट्रेलर आम्ही दक्षिणेला पाठवला. आधीच्या चोरीचा धसका होता, म्हणून ‘एच’ बोल्ट लावला. तिकडे गोदामात बोल्ट कटरच नव्हता. त्यांनी शेजारच्या वर्कशॉपमधून ग्राइंडर आणला. ठिणग्या दाराच्या फटीतून आत गेल्या आणि पुढच्या रांगेतले दोन कार्टन करपले. चोराने नेलं असतं त्यापेक्षा कमी नुकसान झालं, पण ते आम्हीच केलं होतं.

तिकडच्या टोकाला माणूस कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, गाडी वाटेत किती वेळा उघडणार आहे, हे आधी विचारा. पुणे-चाकण-भिवंडी अशी तीन ठिकाणी उतरणारी गाडी असेल तर बोल्ट लावून उपयोग नाही. तिथे ओढून आवळायची प्लॅस्टिक सीलं, प्रत्येक टप्प्यासाठी एक. नंबर एल.आर.वर आधीच क्रमाने लिहिलेले. पुण्यात कापलं तर पुढचं कोणतं लागणार हे चाकणवाल्याला माहीत असलं पाहिजे. ती पुढची सीलं ड्रायव्हरकडे द्यायचीच असतील तर पाकिटात, पाकिटावर सही, आणि परत येताना कापलेल्या सीलचे तुकडे मोजून परत. एकच पार्टी, लांबचा पल्ला, रात्री ढाब्यावर मुक्काम, असं असेल तर केबल. कटर मात्र पार्टीला आपणच पाठवा. एकदा पाठवा, चार वर्षं चालतो.

सोलापूरचं ऊनही लक्षात घ्या. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या बॉडीला हात लावता येत नाही. स्वस्त प्लॅस्टिकचं सील त्या उन्हात एकतर नरम पडतं नाहीतर महिन्याभरात कडक होऊन तुटतं. नरम पडलं की दात मागे सरकतो, सील उघडतं आणि परत लागतं. तुटलं तर ड्रायव्हर बिचारा शपथा घेत बसतो. खोकं कॅबिनच्या डॅशबोर्डवर ठेवायचं तर विकत न घेतलेलं बरं. घेण्याआधी नमुन्याची पाच सीलं गच्चीवर आठवडाभर ठेवा, दुपारी जाऊन ओढून बघा. याला कुठलं मानक लागत नाही.

आता खरं दुखणं. यासाठी मी पत्र लिहायला बसलो आणि इथे मी तुमच्यापैकी कुणालाही सोडणार नाही.

सीलचं खोकं कुठं असतं आपल्या कारखान्यात? माझ्याकडे ते कॅन्टीनशेजारच्या लोखंडी कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली कपाटावरच. दुसऱ्या कारखान्यात टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, पंचिंग मशीन आणि तंबाखूच्या डब्यासोबत. ड्रायव्हर म्हणायचा, “साहेब, वाटेत आरटीओने उघडायला लावलं तर? दोन एक्स्ट्रा द्या.” आणि आम्ही द्यायचो. मीही दिलीत. विचार करा : चोराला जे सील बनवायला आठ दिवस लागले असते, ते आपण हसत त्याच्या हातात ठेवतो, खऱ्या नंबराचं, आपल्याच खोक्यातलं. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉजर जॉन्स्टन यांच्या गटाने दोनशेहून जास्त प्रकारची सीलं फसवून बघितली. बहुतेक सगळी साध्या हत्यारांनी, थोड्या वेळात फसली, महागडीसुद्धा. त्यांचं म्हणणं असं की सीलपेक्षा सील वापरणाऱ्यांना शिकवण्यावर खर्च करा. आपल्याकडे तर फसवायचीही गरज पडत नाही. मागितलं की मिळतं.

शिपिंग लाइनचं, म्हणजे जहाज कंपनीचं, सील तर एम्प्टी कंटेनरबरोबर ड्रायव्हरच्याच हातात येतं. न्हावा शेव्याहून सोलापूरपर्यंत ते कॅबिनमध्ये, बिस्किटाच्या पुड्याशेजारी. ते आपल्या हातात नाही, मान्य. पण ते हातात आल्यावर त्याचा नंबर लाइनच्या कागदाशी जुळवून बघायचं, आणि पिन आधीच कुणी घासून ठेवलीय का ते बोटाने चाचपायचं, हे आपल्याच हातात आहे. मला एकदाच तसं सापडलं. पिनला खाच होती. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, “यार्डातूनच तसं आलं.” असेलही. आम्ही दुसरं मागवलं. गाडी एक दिवस थांबली आणि मालकांनी मला शिव्या घातल्या. त्या शिव्या मी अजून मिरवतो.

तर सीलचं रजिस्टर ठेवा. कागदाचं ठेवा, कॉम्प्युटरवरचं बरोबर ठेवलंत तरी. खोकं आलं तेव्हा पहिला आणि शेवटचा नंबर. रोज कोणतं सील कोणत्या गाडीला, कोणी लावलं, कोणी बघितलं. तुटलेलं, वाकलेलं, वाया गेलेलं सीलही लिहायचं आणि त्याचे तुकडे ठेवायचे. किल्ली एकाच माणसाकडे. महिन्यातून एकदा मालकाने स्वतः मोजायचं. मालकाने, क्लार्कने नव्हे. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि महिन्यातून एकदा मालक डिस्पॅचला आला तर बाकीही बऱ्याच गोष्टी सुधारतात.

लावताना चार गोष्टी. बघा, नंबर जुळवा, जोराने ओढा, पिळून बघा. बोल्टचा ‘कट्’ असा आवाज येतो, पण आवाजावर विश्वास नको. नीट न बसलेला बोल्टही आवाज करतो आणि ओढला की हातात येतो. मग फोटो. दोन फोटो : एक सीलचा जवळून, नंबर वाचता येईल असा, दुसरा दाराचा, ज्यात सील आणि कंटेनर नंबर एकत्र दिसतात. नुसता सीलचा फोटो कुठल्याही दाराचा असू शकतो.

फोटोचा आग्रह मी का धरतो त्याला सोलापुरी कारण आहे. आमच्या लोडिंगवर नंबर वाचणारा तेलुगू बोलणारा, गेटवर ऐकणारा कानडी, आणि लिहिणारा मी मराठी. सात आकडी नंबर तीन भाषांतून येताना एखादा आकडा कुठेतरी उतरूनच जायचा. एकदा खरोखर असा उतरला. बंदरात नंबर जुळेना आणि दोन दिवस कंटेनर अडकला. चोरी नव्हती, कुणाची वाईट वृत्ती नव्हती, फक्त तेलुगूतला सात ‘एडु’ आणि कानडीतला सात ‘एळु’ यांच्या गोंधळात आमचा सात गेला. फोटो तिन्ही भाषांत सारखाच दिसतो.

आता ट्रान्सपोर्टवाल्या मित्रांना दोन शब्द. तुमच्या एल.आर.वरचा ‘सील : होय / नाही’ हा रकाना काढून टाका. तिथे नंबरासाठी मोकळे चौकोन छापा आणि चौकोन रिकामे असतील तर गाडी गेटबाहेर पडू देऊ नका. हे तुमच्यासाठीच आहे. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, शिपिंग लाइन स्वच्छ लिहिते की माल पाठवणाऱ्याने भरला, त्यानेच मोजला. त्यांना सील शाबूत दिसलं की त्यांचे हात वर. तुमच्या एल.आर.वरही ‘सेड टू कंटेन’, म्हणजे ‘आत हा माल आहे असं पाठवणारा सांगतो’, असं असतं, पण तंटा झाला की कारखानदार तुमच्याच दारात येऊन बसतो. तेव्हा तुमच्या बाजूने बोलणारा एकच कागद असतो, ज्यावर निघताना आणि पोहोचताना एकच नंबर दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेला असतो. कारखानदारांसाठी तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने : २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यानुसार माल कमी आल्याची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, नाहीतर पुढे दावा उभा राहत नाही. आपण सहा महिने ‘बघू, मिटवू’ करण्यात घालवतो.

आणि त्या फोनवाल्या मालकांना : निम्म्या भावातलं सील घेऊ नका. पण आत्ता घेता तेही सगळीकडे घेऊ नका. निर्यातीला ‘एच’, लांबच्या एकपार्टी गाडीला केबल, टप्प्याटप्प्याच्या गाडीला चांगल्या प्लॅस्टिकचं, आणि गावातल्या गावात अक्कलकोट रोडवरून चिंचोळीला जाणाऱ्या गाडीला साधी नंबरी पट्टीही चालते. हिशेब केलात तर एकूण खर्च आत्तापेक्षा फार वाढणार नाही. कदाचित कमीही होईल. पाच-सहा कारखाने मिळून खरेदी केलीत तर बनवणाऱ्याकडून आपल्या नावाचा, आपल्या क्रमांकाचा माल मागवता येतो. प्रत्येकाची मालिका वेगळी, म्हणजे शेजारच्याच्या खोक्यातलं सील आपल्या गाडीवर दिसलं तर लगेच कळेल. असं एकत्र बसायचं ठरलं तर मला बोलवा. मी नमुन्यांची पिशवी घेऊन येतो. पिशवीत कापलेली, तुटलेली, फसलेली, उन्हाने वाळलेली अशी चाळीसेक सीलं आहेत. घरचे म्हणतात भंगार आहे.

आपला,
एक निवृत्त डिस्पॅचवाला
सोलापूर

ता. क. सील कापल्यावर तुकडे कचऱ्यात टाकू नका. दोन्ही अर्धे, नंबर असलेला आणि नसलेला, गोळा करून मोडून मगच भंगारात द्या. आणि ज्या पार्टीला तुम्ही यंदा बोल्टचं सील पाठवणार आहात तिला आजच फोन करून विचारा, तुमच्याकडे कटर आहे का. ग्राइंडर नको म्हणावं.